ज्येष्ठांची फिरती नाटकमंडळी काढायची आहे? गोव्यात सुरुवात अशी करा

फोंडा, डिचोली, पेडणे किंवा काणकोण तालुक्यातल्या एखाद्या गावात जा आणि साठी ओलांडलेल्या दहा जणांना विचारा, ‘कधी तोंडाला रंग लावला होता का?’ तीन-चार जण तरी हो म्हणतील. कुणी जत्रेच्या नाटकात द्वारपाल झालेला असतो, कुणी देवळाच्या मंडपात स्त्रीपार्ट केलेला असतो, कुणी वर्षानुवर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलेलं असतं. घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यामुळे गोव्यात ज्येष्ठांचा नाट्यगट उभा करताना माणसांना नाटक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वी सुटलेला धागा त्यांच्या हातात परत द्यावा लागतो, एवढंच.

फिरती मंडळी हीसुद्धा आपल्याला परकी कल्पना नाही. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी 1918 मध्ये सहकाऱ्यांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा नाटक कंपनी म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव जाणं हेच गृहीत होतं. पेडण्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी अजून तशीच फिरतात.

गेली काही वर्षं मी असा एक गट सांभाळते आहे. सगळ्यात धाकटी मावशी 61 वर्षांची, सगळ्यात थोरले काका 82 वर्षांचे. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी सगळ्यात आधी एकच सांगते: तयार नाटक आणून त्यात ज्येष्ठांना कोंबू नका, नाटकच त्यांच्या मापाने शिवा. सगळी मापं तालमीत घ्यावी लागतात. गुडघे किती वाकतात, दम किती टिकतो, ओळ किती लांब लक्षात राहते, आवाज कुठवर चढतो. हे मनावर घेतलं तर पुढची पावलं सोपी आहेत.

पहिलं पाऊल: माणसं

फलक लावून माणसं येत नाहीत. देवळात पालखीच्या दिवशी जा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत जा, वाचनालयात सकाळी वर्तमानपत्र चाळायला येणाऱ्यांशी बोला. भजनी मंडळांवर माझा विशेष भरवसा आहे. तिथल्या माणसांचा ताल पक्का असतो, एकमेकांचं ऐकून गाण्याची सवय असते आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचं म्हटलं की घरच्यांना नवल वाटत नाही.

‘नाटकात काम कराल का?’ असं थेट विचारू नका. बायका हमखास म्हणतात, ‘आता या वयात?’ पुरुष म्हणतात, ‘पाठांतर जमायचं नाही.’ त्यापेक्षा म्हणा, ‘जुनी नाटकं आठवायला बसतोय, मंगळवारी चहाला या.’ आलेला माणूस दुसऱ्या मंगळवारी एखादा मित्र घेऊन येतो.

आठ ते बारा माणसं पुरे. एका 17 आसनी ट्रॅव्हलरमध्ये सगळे, सोबतचे दोन तरुण आणि सामान मावलं पाहिजे. गाड्या दोन झाल्या की खर्च दुप्पट होतो आणि मंडळीही फुटते. सगळ्यांनी रंगमंचावर यायला हवं असंही नाही. कुणी पेटी वाजवेल, कुणी कपडेपट सांभाळेल, कुणी हिशेब ठेवेल. ही कामं देताना ‘तुम्हाला जमत नाही म्हणून’ असा सूर चुकूनही लागू देऊ नका. तरुण मात्र दोन हवेतच. बाक उचलणं, वायरी ओढणं, अंधारात हात देणं ही त्यांची कामं.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून एका पानाची माहिती घ्या: रक्तगट, चालू औषधं आणि त्यांच्या वेळा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा फोन. हे कागद बंद पाकिटात एकाच व्यक्तीकडे राहावेत, चारचौघांत त्यावर चर्चा नको. मुलांशीही एकदा बोलून घ्या. गोव्यात अनेकांची मुलं परदेशी असतात, आई किंवा वडील घरी एकटे. रात्री परतायला उशीर झाला तर कुणाला कळवायचं, हे आधी ठरलेलं बरं.

दुसरं पाऊल: संहितेशिवाय चार बैठका

पहिल्या चार बैठकांत संहिता काढू नका. खुर्च्या गोलात मांडा आणि प्रत्येकाला घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगा.

आमच्याकडे एक मावशी दोन बैठका गप्प बसून होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी पत्र्याची एक लहान पेटी आणली. त्यांचे वडील दशावतारात काम करायचे. पेटीत सफेद्याची डबी होती, हिंगुळाची पुडी होती आणि एक दांडी नसलेला आरसा. मावशींनी चिमूटभर सफेदा तळहातावर घेतला, खोबरेलाचा थेंब टाकला आणि मधल्या बोटाने घोळवत वडील कसे रंगायचे ते दाखवलं. कपाळावरून बोट खाली, मग गाल, मग हनुवटी. बोलणं त्यानंतर सुरू झालं. वडील रात्री नाटकाला निघाले की आई पेज झाकून ठेवायची आणि ते पहाटे तोंडावर अर्धा रंग तसाच ठेवून परतायचे, असं सगळं त्या सांगत गेल्या. आमच्या पहिल्या नाटकाचा पहिला प्रवेश तोच आहे.

या बैठका फोनवर ध्वनिमुद्रित करा, अर्थात विचारून. त्याच वेळी कोण बोलतं, कोण ऐकतं, कोणाला गाणं आठवतं, कोण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करतं, हे पाहून ठेवा. भूमिका वाटताना हे टिपण वाचनाच्या परीक्षेपेक्षा जास्त कामाला येतं.

तिसरं पाऊल: कुठलं नाटक

जुनं संगीत नाटक करायची हौस सगळ्यांनाच असते. करा, पण एखादाच प्रवेश आणि दोन पदं घ्या, तीन अंक नकोत. हक्कांची बाजू समजून घ्या: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. गोविंद बल्लाळ देवल 1916 मध्ये गेले, गडकरी 1919 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. त्यांच्या नाटकांना आता परवानगी लागत नाही. अलीकडच्या लेखकाचं नाटक असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या आणि मानधन द्या, प्रयोगाला तिकीट असो वा नसो. जुन्या संहितांसाठी पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय धुंडाळा.

माझा स्वतःचा ओढा माणसांच्या आठवणींतून बांधलेल्या नाटकाकडे आहे. आज पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला तेव्हा, 19 डिसेंबर 1961 ला, शाळकरी पोर होता. पोर्तुगीज शाळा, मुक्तीची सकाळ, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावरचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल, साळावली धरणाच्या पाण्यात गेलेलं कुर्डी गाव, फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर काढलेल्या रात्री, हे सगळं त्यांच्या तोंडी आहे आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्या प्रेक्षकांच्याही. एक प्रवेश पाच-सात मिनिटांचा, असे सहा-सात प्रवेश आणि मध्ये ओव्या किंवा फुगडीची गाणी. एकूण 40 ते 45 मिनिटं, मध्यंतर नाही. यापेक्षा लांब गेलं की नट थकतात आणि प्रेक्षकांतही चुळबूळ सुरू होते, कारण तेही त्याच वयाचे आहेत आणि बऱ्याच जणांना लघवीची गोळी चालू असते.

विषयाबद्दल एक आग्रह आहे. म्हातारपण, एकटेपणा, टाकून दिलेले आईबाप अशी रडकी नाटकं घेऊन वृद्धाश्रमात जाऊ नका. तिथल्या माणसांना ती गोष्ट माहीत आहे. त्यांना हसायचं असतं, भांडायचं असतं, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून तुम्हाला खोडून काढायचं असतं. 74 वर्षांच्या मावशींना नवरीचा प्रवेश हवा असेल तर द्या. मुंडावळ्या बांधून त्या उभ्या राहिल्या की सभागृहात ज्या टाळ्या पडतात, त्या मी प्रत्येक प्रयोगात ऐकल्या आहेत.

भाषेवरून कुणाला टोकू नका. उत्स्फूर्त बोलताना तोंडून कोंकणी येणारच. घरातल्या प्रवेशात ती राहू द्या, सूत्रधार मराठीत बोलू दे. प्रेक्षकांना दोन्हींची सवय आहे.

चौथं पाऊल: पाठांतराची भीती

इथे बहुतेक गट मोडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

दशावतारात मुख्य कथेचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान काय, कुणाची बाजू कोणती, कुठे युद्ध आणि कुठे शेवट, एवढं ठरतं. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. नेपथ्य म्हणून एक बाकडं असतं. राजाचं सिंहासन तेच, ऋषीचा आश्रम तोच, झाडाची सावलीही तीच. आपल्याच मातीतला हा प्रकार ज्येष्ठांसाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. आम्ही प्रत्येक प्रवेशाची फक्त सुरुवातीची ओळ आणि शेवटची ओळ पक्की करतो. शेवटची ओळ ऐकली की पुढच्याने यायचं. मधलं रोज थोडं वेगळं होतं, आणि होऊ द्यावं.

ज्यांना लिहिलेलाच संवाद हवा असतो, त्यांच्यासाठी वही नीट करा. अक्षर 20 पॉइंटचं, कागदाच्या एकाच बाजूला, ओळ एका श्वासात संपेल एवढी. कागद चकचकीत नको, दिव्याखाली त्यावर उजेड चमकतो आणि अक्षर दिसत नाही. आधीच्या माणसाचं शेवटचं वाक्य पूर्ण लिहा, नुसते दोन शब्द नकोत. आमचा सूत्रधार रंगमंचाच्या एका बाजूला स्टँडवर वही उघडी ठेवूनच बोलतो. पुराणिक पोथी समोर ठेवतात, तेव्हा कुणाला खटकत नाही, तसंच हेही खटकत नाही.

घरी सरावासाठी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवा. त्यात समोरच्याचं वाक्य असावं आणि त्यानंतर मोकळी जागा, त्यांच्या उत्तरापुरती. आमच्या एक काकी भाजी चिरता चिरता त्या मोकळ्या जागेत उत्तर देतात. वाक्य हालचालीला बांधलं तर आणखी पक्कं बसतं: कळशी खाली ठेवली की हे वाक्य, खिडकी उघडली की ते.

रंगमंचावर कुणालाही एकटं ठेवू नका. दोघांची जोडी असली की एकाने दुसऱ्याला सावरता येतं. अडल्याची खूण आधीच ठरवा. बायकांनी पदर खांद्यावर ओढला किंवा पुरुषांनी चष्मा सारखा केला की प्रॉम्प्टरने ओळ द्यायची. प्रॉम्प्टर विंगेत लपलेला नको, नटाला त्याचे ओठ दिसतील असा बसवा. वयाबरोबर ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज ऐकू येणं आधी कमी होतं, म्हणून कुजबुज कानापर्यंत पोहोचते पण शब्द कळत नाही. हळू पण खऱ्या आवाजात, पहिला शब्द नव्हे, पहिले तीन-चार शब्द द्यावेत.

पाचवं पाऊल: तालीम

आठवड्यातून दोनदा, दीड तास. सकाळी 10 किंवा दुपारी 4 ला, जेवणानंतर लगेच कधीच नाही. पाऊस लागला की तालीम धरा, जून-जुलैत माणसं घरीच असतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास पंधरवडाभर सुट्टी द्या, त्या दिवसांत गोव्यात कुणाला बोलावण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर रंगीत तालीम आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की प्रयोग. फाल्गुनातल्या शिगम्यापर्यंत हा हंगाम टिकतो. एप्रिल-मेमध्ये उकाडा सोसवत नाही, शिवाय नातवंडं घरी आलेली असतात.

सुरुवातीची दहा मिनिटं खुर्चीत बसूनच: घोटे फिरवणं, टाचा उचलणं, खांदे सैल करणं. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठणं. उठताना सावकाश, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर भोवळ येऊ शकते. तोच नियम प्रवेशातही: बसलेल्या पात्राला टाळी वाजल्यासारखं उभं करू नका. जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, वाकून पाया पडणं काढून टाका. उभ्याने जोडलेल्या हातांत तो भाव पुरेपूर येतो.

गळ्यालाही माप असतं. बायकांचा आवाज वयाबरोबर खाली येतो. तरुणपणी पेटीच्या काळी चार पट्टीत गाणाऱ्या मावशींना काळी दोन द्या. त्यांना वाईट वाटतं, कारण तीच पट्टी म्हणजे आपला आवाज अशी समजूत असते. एकदा खालच्या पट्टीत मोकळा सूर लागला की समजूत आपोआप जाते. गाण्याआधी कोमट पाणी आणि पाच मिनिटं नुसता गुंजारव.

सहावं पाऊल: सामान

आमचं सगळं नेपथ्य एवढंच: एक बाक, हात असलेल्या दोन खुर्च्या, दाराची एक चौकट, एक ट्रंक. बाक आणि खुर्च्या 45 सेंटिमीटर उंचीच्या. त्यापेक्षा खाली गेलं की उठताना गुडघे बोलतात. जराही हलू नये म्हणून चारही पायांना रबर लावलं आहे.

काळोख करू नका. दोन प्रवेशांच्या मध्ये ब्लॅकआऊट ही तरुणांची चैन आहे. ज्येष्ठांच्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला बराच वेळ लागतो आणि नेमक्या तेवढ्या वेळात पाय चुकतो. उजेड मंद करा, पूर्ण घालवू नका. रंगमंचाच्या कडेपासून हातभर आत पांढरी रुंद पट्टी चिकटवा आणि पहिल्या तालमीपासून तीच सीमा पाळा, म्हणजे पायाला सवय होते. वायरी कडेने न्या आणि टेपने दाबून टाका.

कपडे पुढून उघडणारे, नाड्यांऐवजी चिकटपट्टीचे. नऊवारी शिवलेली घ्या. पायांत पातळ रबरी तळव्याची चप्पल, नुसते मोजे अजिबात नकोत.

सातवं पाऊल: जागा आधी पाहून येणं

पहिल्या वर्षी एका सभागृहात आम्ही न बघता गेलो. फोनवर सांगितलं होतं, ‘सगळी सोय आहे.’ रंगमंच छातीइतका उंच होता, चढायला लाकडी शिडीवजा तीन पायऱ्या आणि धरायला काही नाही. स्वच्छतागृह मागच्या इमारतीत, वाटेवर दिवा नाही. आमच्या एका काकांचा त्या वाटेवर पाय मुरगळला आणि घोट्याला प्लास्टर लागलं. चूक माझी होती, मी तिथे आधी जायला हवं होतं. काका महिन्याने तालमीला आले ते काठी घेऊन, आणि ती काठी आम्ही त्यांच्या पात्रालाच देऊन टाकली. तरी ते प्लास्टर मी विसरलेली नाही.

तेव्हापासून आठ दिवस आधी मी जाते, गटातल्या एका ज्येष्ठाला बरोबर घेऊन. माझ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांच्या पायांना कळतं. गाडी दारापर्यंत येते का, पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, स्वच्छतागृह किती पावलांवर आणि कमोड आहे का, पंखे सुरू केल्यावर आवाज किती येतो, दुपारी 5 ला ऊन कुणाच्या डोळ्यांवर पडतं, हे सगळं बघा. कठडा नसेल तर रंगमंच सोडा आणि खालीच, प्रेक्षकांच्या पातळीवर प्रयोग करा. आमचे निम्मे प्रयोग असेच होतात आणि ते जास्त रंगतात.

देवळाच्या मंडपात करायचं तर देवस्थान समितीला पत्र द्या. तिथे अनवाणी वावरावं लागतं आणि पुसलेली फरशी ओली असली तर निसरडी असते, म्हणून पुसणं दोन तास आधी उरकायला सांगा. अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) एक खोली मिळाली तर आडवं व्हायला उत्तम. मोठी नाट्यगृहं, म्हणजे पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, ही वर्षातून एखाद्या प्रयोगाला घ्या. फिरत्या गटाचं खरं काम गावच्या मंडपात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत, प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेच्या किंवा खासगी वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात आहे. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं. वृद्धाश्रमात जेवण लवकर असतं, म्हणून प्रयोग 4 ला. पहिली रांग व्हीलचेअरसाठी मोकळी सोडा.

दिवाडी किंवा चोडण बेटावर जाणार असाल तर फेरीबोटीचा विचार करा. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. माणसांना गाडीतून उतरवून चालवू नका, गाडीतच बसवून न्या.

आठवं पाऊल: प्रयोगाचा दिवस

गाडीचा प्रवास तासाभरात संपेल एवढंच लांब जा. काणकोणला जायचं तर करमल घाटातली वळणं लक्षात घेऊन ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि वाटेत एकदा थांबा. आमचा दिवस साधारण असा असतो: घरी हलकं जेवण आणि विश्रांती, 3 ला गाडी, 4 ला पोहोचून चहा, मग प्रत्येकाने रंगमंचावर एकदा चालून बघणं. पायऱ्या चढणं-उतरणं दोनदा. नारळ, नांदी आणि 5:30 ला पडदा. 8:30 च्या आत सगळे घरी. शेवटचा माणूस दार लावून आत गेल्याचा फोन येईपर्यंत मी जागी असते.

खाण्याकडे बारीक लक्ष द्या. आयोजक प्रेमाने भजी आणि मिरच्या ठेवतात. त्यांना आधीच सांगा, प्रयोगाआधी उकडलेली केळी, पोहे किंवा पातळ भाजी आणि पाव पुरे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. घाम सुटला, हात कापू लागले, बोलणं विस्कळीत झालं तर साखर उतरली असावी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका आणि 108 ला फोन करा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात उचलता न येणं, छातीत दुखणं, यातलं काही दिसलं तर प्रयोग तिथेच थांबवायचा. हे प्रेक्षकांना कसं सांगायचं ते सूत्रधाराने आधीच ठरवून ठेवावं.

परवानग्या आणि पैसा याबद्दल थोडक्यात. उघड्या जागेत ध्वनिक्षेपकाला परवाना लागतो आणि रात्री 10 नंतर तो चालत नाही. आपण तोवर घरी असतो. संस्था नोंदवायची तर 1860 च्या कायद्याखाली किमान 7 सदस्य हवेत. पण पहिली दोन वर्षं घाई करू नका, आधी मंडळी टिकते का ते बघा. नोंदणीनंतर पणजीच्या कला आणि संस्कृती संचालनालयात अनुदानाच्या योजनांची चौकशी करता येते. मानधन मागायला संकोचू नका, पण वृद्धाश्रमाकडून फक्त गाडीभाडं घ्या. हिशेबाची वही सगळ्यांना केव्हाही बघता आली पाहिजे.

नववं पाऊल: पडदा पडल्यावर

रंग न पुसता अर्धा तास प्रेक्षकांत जाऊन बसा. नटांनी एकेका खुर्चीशेजारी खुर्ची ओढायची आणि विचारायचं, ‘कशी आसा गो?’ पुढचं ऐकायचं.

एका गावात आम्ही धालोचं (बायकांच्या लोकनृत्याचं) गाणं म्हटलं. नंतर मागच्या रांगेतली एक आजी आमच्या मावशींचा हात धरून म्हणाली, तुमची दुसरी ओळ आमच्याकडे अशी नाही. मग तिने मावशींच्या मनगटावर बोटांनी ठेका धरला आणि ती ओळ तीनदा म्हणून दाखवली. तिसऱ्यांदा मावशीही तिच्याबरोबर म्हणाल्या. आता आम्ही ती ओळ तशीच म्हणतो, आणि कुठल्या गावात शिकलो ते सूत्रधार सांगतो. यासाठी एक वेगळी वही ठेवा. पुढच्या वर्षीचं नाटक त्या वहीत तयार होत असतं.

दहावं पाऊल: माणूस गळतो तेव्हा

हे टाळता येत नाही, तेव्हा आधीच तयारी करा. प्रत्येक भूमिकेला दुसरा माणूस तयार हवा आणि वर्षातून एक-दोन प्रयोग त्यालाही मिळायला हवेत, नाहीतर तो नुसता वाट बघणारा होतो. विसरणं वाढत चाललेल्या माणसाला काढू नका, काम बदला. संवाद जमेनासे झाले की वाचन द्या, वाचन जमेनासं झालं की ओव्यांच्या घोळक्यात उभं करा, तेही जड झालं की घंटा द्या. आमच्याकडे एक काका आता फक्त तिसरी घंटा देतात. घरून निघताना ते इस्त्रीचा सदरा घालतात आणि गाडीत घंटा मांडीवर घेऊन बसतात.

कुणी गेलं तर ठरलेला पुढचा प्रयोग लगेच रद्द करू नका. आधी गटाला एकत्र बसवा, घरच्यांना विचारा आणि मग ठरवा. आम्ही एकदा थांबलो आहोत आणि एकदा बाराव्यानंतरच्या रविवारी प्रयोग केला आहे, कारण घरचे म्हणाले, करा. गेलेल्या माणसाची वही नव्या माणसाला देताना आतलं काही खोडू नका. कुठे श्वास घ्यायचा, कुठे काठी डाव्या हातात घ्यायची, कुठल्या ओळीला समोरची मावशी हसते म्हणून थांबायचं, हे सगळं त्यांनी पेन्सिलने समासात लिहून ठेवलेलं असतं. नव्या माणसाला पहिल्या तालमीला तो समास मोठ्याने वाचायला सांगा.